सप्लाय पेलेल का?

४ सप्टेंबर

आलं! नवं ग्राफिक्स कार्ड आलं! विटेएवढं जड. माझी ॲनिमेशन फिल्म महिनाअखेरीस स्टुडिओला द्यायची आहे — आवडली तर नोकरी. जुन्या कार्डावर एकेक दृश्य बाहेर पडायला अख्खा दिवस जातोय.

ताईला फोन केला. तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. आमच्या घरात तिला विचारल्याशिवाय बल्बसुद्धा बदलत नाहीत. म्हणाली, "आधी सांग, सप्लाय पेलेल का?" म्हटलं, वीज पुरवणाऱ्या त्या डब्यावर साडेसातशे वॅट लिहिलंय की, केवढ्या मोठ्या अक्षरात! "मोठ्या अक्षरात जाहिरात असते. बारीक अक्षरं वाच." आणि ती येईपर्यंत मी कार्डाला हात लावायचा नाही म्हणे. हुकूम!

५ सप्टेंबर

बारीक अक्षरं वाचली. डोळे फुटायची वेळ आली. कळलं काहीच नाही.

७ सप्टेंबर

ताई आली. जॅकेटच्या खिशात हात घालून खुर्चीत बसली. चहा अर्धाच कप घेतला. आणि सगळं माझ्याकडून करून घेतलं! मी चिडले — तू पाच मिनिटांत करशील ना! "तुझं मशीन, तुझे हात." महाराणी!

पण काय डोकं आहे तिचं! कार्ड किती वीज खातं, प्रोसेसर किती, पंखे किती — सगळी बेरीज तोंडी. कार्ड जगतं ते बारा व्होल्टच्या लाइनवर, म्हणून त्या लाइनची ताकद बघायची. शिवाय कार्ड मध्येच दचकून जास्तीची वीज ओढतं, त्यालाही जागा ठेवायची. "पेलेल," म्हणाली. मी नाचलेच!

एक केबल कमी पडली. मी ड्रॉवरमधून जुन्या सप्लायची काढली. सप्लायमध्ये चपखल बसली. दुसरं टोक कार्डात घालणार, तेवढ्यात ताई ओरडली, "थांब! बसतं ते सगळं चालत नसतं. स्थळं बघतानाही हेच सांगितलं होतं तुला!"

मोकळ्या टोकाला मीटर लावायला लावला. जिथे शून्य हवं तिथे बारा व्होल्ट! सप्लाय बदलला की आतल्या तारांचा क्रमही बदलतो म्हणे. जोडली असती तर कार्ड जळालं असतं, फिल्म बोंबलली असती, नोकरीही. मी केबल उपटून फेकली. ही मात्र खिशात हात घालून शांत!

८ सप्टेंबर

ताईने योग्य केबल पाठवली. कार्ड लागलं! फोनवरून हुकूम — दिवसभर चालू ठेव, मागच्या जाळीशी हात धर, वास घे. वास नाही, नुसती ऊब. संध्याकाळपर्यंत चार दृश्यं बाहेर! अशी बहीण देवाने प्रत्येकाला द्यावी. (तिला सांगणार नाही. डोक्यावर बसेल.)

२९ सप्टेंबर

फिल्म दिली. हुश्श!

६ ऑक्टोबर

स्टुडिओचा होकार आला! फोनही न करता दुकानात पळाले. ताई पाठमोरी. समोर कुणाचं तरी उघडं मशीन. स्क्रू बसत नव्हता. तिचा हात इतका थरथरत होता की स्क्रूड्रायव्हर पत्र्यावर वाजत होता. मला पाहिलं आणि दोन्ही हात खिशात घातले.

"कधीपासून?"

"वर्ष होत आलं. वाढतच जाणार म्हणतात डॉक्टर."

होकाराचं सांगायचं राहूनच गेलं. स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले, स्क्रूड्रायव्हर उचलला.

"आधी मीटर लाव," ती म्हणाली.