चादरीचं दुसरं टोक

कल्याण,
९ फेब्रुवारी

प्रिय वासंती,

शनिवारी शाळा सुटल्यावर सिस्टर आपल्याला चॅपलमधल्या वेदीच्या पांढऱ्या कापडांच्या घड्या घालायला थांबवायच्या, आठवतं? एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला मी. ताण देताना तू मुद्दाम हिसका द्यायचीस आणि मी पुढे कोलमडायचे. सिस्टर रागवायच्या नाहीत, नुसतं बघायच्या, त्याचीच आपल्याला जास्त भीती. तुझ्या आईने एकदा विचारलं होतं, त्यांच्या देवाची कापडं तू कशाला धुतेस? तू म्हणालीस, धूत नाही, फक्त एक टोक धरते.

शमुवेल गेल्यापासून आमच्या मोठ्या पलंगाच्या चादरींची घडी नीट पडत नाही. मी एक टोक चिमट्याने खिडकीच्या गजाला लावते आणि म्हणते, प्रभू, धर. तू हसशील. पण प्रभूने आणि मी कामं अशीच वाटून घेतली आहेत. कुलूप मी लावायचं, घर त्याने राखायचं. भाजी मी आणायची, रस्ता ओलांडताना रिक्षा त्याने थोपवायच्या. गोळ्या मी घ्यायच्या, झोप त्याने द्यायची. त्याच्या वाटणीच्या कामाला कधी उशीर होतो, पण ते होतं. संध्याकाळ मात्र कोणाच्याच वाटणीला आलेली नाही. चहाचा कप विसळून झाला की मी खिडकीत बसते आणि समोरच्या इमारतीत एकेका घरात दिवा लागताना बघते. शमुवेल चादर धरताना गाणं म्हणायचा. हा गप्प असतो.

शमुवेलच्या दफनाच्या दिवशी तू म्हणाली होतीस, ‘चल माझ्याकडे. माझ्या सलिलने घोडबंदर रोडला एवढं मोठं घर घेतलंय, एक खोली नुसती रिकामी पडलीय.’ मी सगळ्यांदेखत म्हणाले, ‘माझा देव आहे माझ्याबरोबर, मला कोणाची गरज नाही.’ तुझा चेहरा उतरला. दारात चपला घालता घालता तू म्हणालीस, ‘मग त्यालाच सांग गं दूध आणायला.’ सहा वर्षं झाली. दूध मीच आणते, वासंती. आणि दर वेळी पिशवी उचलताना तुझं वाक्य आठवतं.

डिसेंबरात आंघोळ करताना छातीत गाठ हाताला लागली. डॉक्टर बावीस तारखेला काढणार आहेत, आदल्या दिवशी दाखल व्हायचंय. हॉस्पिटलच्या फॉर्मवर ‘सोबत राहणारी व्यक्ती’ असा रकाना होता. मी खूप वेळ पेन धरून बसले आणि शेवटी ‘प्रभू येशू’ लिहिलं. काउंटरवरची रचना नावाची मुलगी वाचून म्हणाली, ‘आजी, यांचा मोबाईल नंबर?’ मग माझ्याकडे बघून तिचा आवाजच बदलला. ‘ते आहेतच हो. पण सही करायला कोण येणार?’

घरी येऊन मी गुडघे टेकले. उठून वाळलेली चादर घेतली, चिमटा लावला, आणि ‘धर’ म्हणायला जीभच उचलेना. त्याने माझ्यासाठी हात केव्हाच पाठवला होता. मी त्याचंच नाव सांगून तो परत पाठवला, आणि इतकी वर्षं त्या हट्टाला भरवसा म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी जाऊन त्या रकान्यात तुला न विचारताच तुझं नाव लिहून आले. नको असेल तर तसं कळव, मी खोडेन. फोनवर तुला नाही म्हणता आलं नसतं, म्हणून हे पत्र.

त्याच्यावर माझा भरवसा आहे आणि मला भीतीही वाटते. माझं काही बरंवाईट झालं, तर शमुवेलचं बायबल आमच्या पाळकसाहेबांना दे. समासात त्याने पेन्सिलीने बरंच लिहिलंय, ते कोणाला खोडू देऊ नकोस. बाजाची पेटी संडे स्कूलच्या मुलांना. पितळी डबे शेजारच्या गोदूबाईंना, त्यांची त्या डब्यांवर नजर आहेच. चादरी तुला. सध्या त्या कपाटात बोळे करून कोंबल्यात. एकवीसला सकाळी आलीस, तर निघण्याआधी दोघी मिळून त्यांच्या घड्या घालू. फक्त हिसका देऊ नकोस, डावा हात दुखतो.

तुझीच,
एस्तेर