भाईच्या घरातले तर्कदोष

२२ जून, रविवार

घसरगुंडी! तीही पहिल्याच वाक्यात. चहा अजून कपात होता.

मी एवढंच म्हटलं — अलिनाचा पुण्याच्या लॉ कॉलेजात नंबर लागलाय, १८ जुलैच्या आत प्रवेश घ्यायचा, नाहीतर जागा गेली. तर एजाजभाई काय म्हणतो? "आज पुण्याक जातली, उद्या मुंबय, परवा दुबय. मगे आमी मेलव तरी येवची नाय." घ्या! पोरगी अजून कणकवलीच्या एसटीत बसली नाही आणि बाप स्वतःच्या मयताला पोचला.

अकरावीतल्या पोरांना मी तर्कदोष शिकवते. पहिलाच धडा — एका पायरीवरून थेट तळाला घसरू नका, मधली प्रत्येक पायरी दाखवा. पोरांना कळतं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या, स्वतःची बोट असलेल्या माझ्या भावाला कळत नाही.

शनिवार-रविवार मालवणला भावाकडे यायचं, रविवारी संध्याकाळी डोकं दुखत कणकवलीला परत. वीस वर्षं हेच.

२३ जून

कालचं एक राहिलं. निघताना नूरबानोभाभी दारात कुजबुजली — बंदरावरच्या कुणाची तरी पोरगी पुण्याला गेली "नि बापाक अटॅक इलो."

कावळा बसायला आणि फांदी मोडायला! पोरगी गेली जूनमध्ये. अटॅक आला डिसेंबरात. मधले सहा महिने तो बाप रोज विड्यांचं बंडल ओढत होता, ते भाभीच्या हिशेबी नाही. मी हे सगळं तिला तिथल्या तिथे सांगितलं, बोटांवर मोजून. ती म्हणाली, "तसा नाय गो." मग कसं? ते नाही सांगता येत! डोंबल.

२८ जून, शनिवार

आज अब्बा. वय अठ्ठ्याहत्तर, म्हणून दहा मिनिटं गप्प ऐकून घेतलं. मग नाही राहवलं.

अब्बा म्हणाले, "शाण्यान कोर्टाची पायरी चढू नये गो, सनोबर." झालं, निकाल लागला! म्हण म्हणजे पुरावा. मी म्हटलं, अब्बा, ती म्हण भांडणाऱ्या पक्षकाराला आहे, वकिलाला नाही. माशाने जाळ्यात शिरू नये हे खरं, पण म्हणून कुणी जाळंच टाकायचं नाही का? अब्बांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.  

आणि हे मी दुसऱ्यांदा ऐकतेय. १९९९ साली बारावीचा निकाल लागला, मला वकील व्हायचं होतं. याच ओटीवर, याच खुर्चीत बसून अब्बांनी हीच म्हण फेकली होती. मी अठराची. उत्तर सुचलं नाही. मग बी. ए., मग बाहेरून एम. ए., मग तर्कशास्त्र — आणि उत्तर सुचलं तेव्हा मी छत्तीसची होते, वर्गात फळ्यावर काहीतरी लिहीत होते. खडू हातातच राहिला. भयंकर राग आला होता.

अलिनाला अठरा वर्षं थांबावं लागणार नाही. तिची उत्तरं मी देईन.

२९ जून, रविवार

आत्माश्रय — म्हणजे जे सिद्ध करायचं तेच कारण म्हणून पुढे करायचं. उदाहरण, भाईच्या शब्दांत:

"पुण्याक जावचा नाय."
"कित्याक?"
"जावचा नाय म्हणान."

वर्गात हे उदाहरण दिलं तर पोरं म्हणतील, मॅडमनी मुद्दाम बनवलं. बनवलेलं नाही, बाई! या घरात पिकतं!

अलिना जेवायला उशिरा आली. हाताला काळं ग्रीस, नखांत तेल. पावसाची मासेमारी बंद, बोट वर ओढून माडाच्या झापांच्या छपराखाली ठेवलीय, तर भाई पोरीला तिथे कामाला लावतो! लॉ कॉलेजला नंबर लागलेल्या पोरीला! मी तिला आतल्या खोलीत घेऊन गेले. स्पष्ट विचारलं — माझे मुद्दे पटतात ना? म्हणाली, "फुफी, तू सांगतंस तां बरोबर आसा."

गुणाची पोर. त्या घरात डोकं असलेली एकटीच. प्रवेशपरीक्षेचा फॉर्म मी भरला, सेंटरला मी घेऊन गेले, अभ्यासाची पुस्तकं माझी. एका शब्दाने कधी आडवं बोलली नाही.

३ जुलै

स्टाफरूम. सगळं ऐकवलं. माझ्या घरचे मुद्दे ऐकायला हल्ली लोक डबा उघडून तयार असतात. हसून हसून पुरेवाट झाली. गुरुप्रसाद सर तेवढे हसले नाहीत. भूगोल शिकवतात. म्हणाले, "मॅडम, मुद्दा चुकीचा असला म्हणून निष्कर्षही चुकीचाच, असं असतं का हो?"

मला शिकवतोय! भूगोलवाला! ज्याला स्वतःच्या मुलाला गणिताची शिकवणी लावावी लागली, तो मला अनुमानाचे नियम सांगणार! मी म्हटलं, सर, तुम्ही खारे वारे आणि मतलई वारे बघा. सगळे हसले. तेही हसले, थोडेसे.

५ जुलै, शनिवार

व्यक्तीवर घसरले. वाटच बघत होते मी.

भाभी म्हणाली, "तू येवढा शिकलंस, तुका काय मेळला? एकटीच ऱ्हवतंस."

मुद्दा संपला की माणूस समोरच्याच्या अंगावर जातो. हे मी शंभर वेळा शिकवलंय. प्रश्न अलिनाच्या शिक्षणाचा, माझ्या संसाराचा नाही, माझं लग्न झालं असतं काय नि नसतं काय, त्याने लॉ कॉलेज हलत नाही. हे मी भाभीला शांतपणे सांगितलं. आवाज चढवला नाही.

मग मागच्या पडवीत जाऊन पाच मिनिटं उभी राहिले. लागलं. उगाच का खोटं लिहू? लागलंच.

७ जुलै

भाईचा फोन. म्हणे, "तां पोर थंय एकट्यान कसा ऱ्हवात?" मी — होस्टेल आहे. तो — "होस्टेलात जेवाण बरा नसता." मी — तू कधी जेवलास होस्टेलात?  मग म्हणाला, "सनोबर, तू जरा अलिनाक विचार." विचारलंय, म्हटलं. दोनदा. ती माझ्या बाजूने आहे. "होय?" म्हणाला आणि फोन ठेवला.

मुद्दे संपले की लोक फोन ठेवतात.

१३ जुलै, रविवार

जिंकले!

सगळ्यांना ओटीवर बसवलं — अब्बा, भाई, भाभी. अलिना दाराशी. म्हटलं, आज एकदाच काय ते बोला, एकेक मुद्दा सांगा. मी कागदच घेऊन गेले होते.

भाईने होस्टेल काढलं. खोडलं. भाभीने "लोक काय म्हणतीत" काढलं — पन्नास माणसं एकच चूक बोलली म्हणून ती बरोबर होत नाही. खोडलं. भाई म्हणाला, एकतर पुणं नाहीतर घर, दोन्ही पोरीक जमाचा नाय. दोनच पर्याय का बाबा? सुट्ट्या असतात, रेल्वे आहे, फोन आहे! खोडलं. अब्बा काहीतरी बोलायला लागले, मधेच थांबले आणि अलिनाकडे बघितलं. म्हटलं, तिच्याकडे काय बघता, तुमचा मुद्दा सांगा. नाही सांगितला.

शेवटी भाई म्हणाला, "तुझ्यावांगडा बोलाक आमका जमाचा नाय, गो." हीच ती शरणागती! सव्वीस वर्षांत या घरात पहिल्यांदा कुणी माझ्यासमोर हरलं. भाईने प्रवेशाच्या फॉर्मवर सही केली.  मी अलिनाला म्हटलं, बघ, मुद्देसूद बोललं की असं होतं. ती म्हणाली, "होय, फुफी."

बुधवारी मालवणला जाऊन तिची बॅग भरायची. गुरुवारी ती सकाळच्या गाडीने कणकवलीला येईल, तिथून आम्ही दोघी पुण्याला. शुक्रवारी प्रवेश. रजा टाकली.

रात्री जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला.

१६ जुलै, बुधवार

संताप! संताप!

घरी पोचले तर बॅग रिकामी, अलिना नाही. भाभी म्हणाली, "बोटीर आसा." भर पावसात गेले. झापांच्या छपराखाली बोट, आणि माझी भाची कमरेपर्यंत इंजिनाच्या खड्ड्यात! बाबू मिस्त्री — बंदरावरच्या निम्म्या बोटींची इंजिनं हाच बघतो — बाजूला बसून तंबाखू मळतोय आणि नट-बोल्टांवर पाने पोरगी फिरवतेय! उद्या प्रवासाला निघायचं आणि हे काम! बाबू वर म्हणतो, "बाय, हिच्या हाताक बघा. माका चाळीस वर्सा लागली, हिका दोन म्हयने."

मी म्हटलं, हे पोरीच्या जातीचं काम आहे का? चार माणसं बघतायत! उद्या वकील व्हायची ही, आणि तुम्ही हिला मजूर केलंत! मग मला हसूच आलं, बाबूकडे बघून. म्हटलं, वर्गात सांगेन हं, आमच्या घरची पहिली मिस्त्रीण! मोठ्याने हसले. बाबूने तंबाखू तोंडात टाकली.

अलिना खड्ड्यातून वर आली. हात पुसले. तोंडावर एवढा मोठा काळा पट्टा.  घरी येऊन रॉकेलने हात धुतले, बराच वेळ धूत होती. भाई दारात उभा. तोंड उघडलं, मिटलं. बोल की! एक मुद्दा तरी नीट मांड आयुष्यात!

बॅग मीच भरली. मुक्काम नको वाटला. शेवटच्या गाडीने परत आले.

१७ जुलै

मालवणची गाडी आली. अलिना उतरली नाही. भाई उतरला, एकटाच.

स्टॅंडवरच्या बाकावर बसला आणि एका दमात बोलला. अलिनाला पुण्याला कधीच जायचं नव्हतं. तिने जूनमध्येच आयटीआयचा फॉर्म भरलाय, डिझेल मेकॅनिकचा. भाई स्वतः तिच्याबरोबर गेला होता. अब्बांनी दुवा दिली. नंबर लागला. बोटीवर शिकायला बाबूकडे त्यानेच पाठवली. "मगे माका कित्याक नाय सांगितलास?" — मी विचारलं. म्हणाला, "तिकाच नको होता. म्हणाली, फुफीक तुमीच कायतरी सांगून नाय म्हणा. माझा नाव घेव नकात. ती हसतली." आणि ते मुद्दे? घसरगुंडी, अटॅक, होस्टेलचं जेवण? "आमका सुचला तां बोललव गो. खोटा बोलाक आमका खंय येता?"

मी म्हटलं, मी हसले नसते.

भाई माझ्याकडे बघत राहिला. मग उठला, मालवणच्या गाडीत जाऊन बसला. गाडी सुटेपर्यंत मी खिडकीखाली उभी होते आणि मला एकही शब्द सुचला नाही.