बसचा ड्रायव्हर आणि मामांची भुवई

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून चारच अंगांनी घातला, उरलेला मनाने घातला असं समजावं.) तुमचा गुडघा, मामीचा खोकला आणि गच्चीवरच्या कुंड्या, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. इकडे आई खुशाल आहे. मी खुशाल आहे की नाही, ते पत्र वाचून तुम्हीच ठरवा.

आमच्या खेळण्यांच्या कारखान्याने जुन्या बाहुल्यांचं प्रदर्शन भरवलं आणि मांडणीचं काम माझ्या गळ्यात पडलं; कारण चेहरे रंगवण्याच्या खात्यात आता मीच सगळ्यात जुनी. माझ्याआधी त्याच खुर्चीवर आई बसायची. आमच्या बाहुल्या तुम्हाला आठवत असतीलच. बोटाएवढी लाकडी माणसं, ना हात ना पाय; बसच्या सीटला भोक असतं, त्यात त्यांचं बूड बसवायचं आणि दोरीने बस ओढायची. ती पहिल्यांदा पाहून तुम्ही आईला म्हणाला होतात की या ठोकळ्यांना रंग फासायला तू घर सोडून एवढ्या लांब राहणार का. त्यानंतर तुम्ही आमच्याकडे आला नाहीत, ते गुडघ्यामुळे, असं आम्ही सगळे मानतो. (तेव्हा गुडघा चांगला होता, पण ते जाऊ दे.)

तर मी दुपारभर एका लांब टेबलावर ही माणसं वयाप्रमाणे मांडत होते. आधी सगळी लाकडाची. मग अंग प्लास्टिकचं आणि डोकं तेवढं लाकडाचं (अशी माणसं ऑफिसात अजूनही भेटतात). मग सगळंच प्लास्टिक. पुढे कोण्या डॉक्टरांनी कळवलं की एवढीशी वस्तू मुलांच्या घशात अडकू शकते, तेव्हा अख्खी वस्ती एका वर्षात गरगरीत झाली, सगळ्यांना एकदमच माहेरपण लाभल्यासारखी. हात फुटले ते सगळ्यात शेवटी. खिडकीतून ऊन सरकत होतं, रंगांवर चढत होतं, उतरत होतं, आणि मला गुंगीच आली. वाटलं, ही निराळी माणसं नाहीतच, तीच ती आहेत, हळूहळू मोठी होत आलेली. त्यांना आधी हसू आलं, मग पोट सुटलं आणि मग कुठे कुणाचा हात धरता आला. आपलं बरोबर उलटं होतं. अशा विचारात मी शेवटचा आजोबा दोनदा मांडला आणि दोनदा उचलला.

रांगेच्या सुरुवातीला होता पहिल्या बसचा ड्रायव्हर. प्रवासी सगळे हसरे, हा एकटा कपाळाला आठ्या घालून, एक भुवई वर चढवलेला. विक्रीवाल्यांनी पुढच्याच वर्षी त्याला हसरा करायला लावलं, त्यामुळे रागीट असा हा एकच उरलेला.

प्रदर्शनाच्या दिवशी आई आली. साहेबांचं भाषण ऐन रंगात असताना माझं लक्ष टेबलाकडे गेलं, तर ड्रायव्हर गायब. शेजारी जेमतेम अडीच वर्षांची एक मुलगी उभी, आणि तिचा डावा गाल फुगलेला. तिची आई पांढरीफटक पडली. साहेब जागच्या जागी थिजले. आई मात्र शांतपणे गुडघ्यांवर बसली, मुलीच्या हनुवटीखाली तळहात धरला आणि स्वतःच मोठा आ केला. मुलीनेही आ केला. ड्रायव्हर आईच्या हातात. (मुलगी ठणठणीत आहे. डॉक्टरांनी पाहिलं, रंगही पोटात गेला तर चालेल असाच होता.)

पण चेहरा धुऊन निघाला होता. ना आठी, ना भुवई. नुसतं गुळगुळीत लाकूड. साहेब हळहळले, एवढा एकच होता म्हणाले. आईने त्याला पदराने पुसलं, उन्हाकडे वळवून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "दादाचं तोंड होतं हे."

मला हे आजवर ठाऊक नव्हतं, मामा. घरी येताना तिने सांगितलं. नवी नोकरी, अनोळखी गाव; प्रवासी जसे सुचले तसे रंगवले. ड्रायव्हरपाशी आल्यावर ब्रश थांबला. "एवढी माणसं न्यायची म्हणजे भरवशाचा कुणीतरी नको का पुढे?" म्हणाली.

आता तो पुन्हा रंगवायचा आहे. मी कागदावर करून पाहिलं, तर राग न येता माझ्या ड्रायव्हरला झोप आली.

मामीला नमस्कार. कुंड्यांना पाणी.

तुमची,
भाची

ता. क. रंगवणार आईच आहे. पण कुठली भुवई वर जाते ते आठवत नाही म्हणते. तेव्हा दोन दिवस येऊन तिच्यासमोर रागाने बसावं, ही विनंती. तिचा हात हल्ली थरथरतो. आठ्यांना ते चालून जाईल.

ता. क. दुसरा. आठवत नाही हे खोटं आहे. काल तिने टेबलावरच्या धुळीत बोटाने तुमची भुवई एका झटक्यात काढली, आणि मी बघतेय म्हटल्यावर पुसून टाकली. तरी या.