पांढरी बट

१२ नोव्हेंबर १९८६, नवापूर

आमची पांढरी मांजर जन्माचीच बहिरी निघाली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, एकच जनुक केसांचा रंगही घालवतं आणि कानाच्या नसाही. तेव्हापासून माझ्या तान्ह्या सोनूच्या कपाळावरची पांढरी बटच डोळ्यांसमोर येतेय. ह्यांच्या आत्यांनाही तशीच बट आहे, आणि त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. सासूबाई म्हणतात, "भाग्याची खूण हाय ती." असेलही. पण सोनूला ऐकू येतं का?

संध्याकाळी पाळण्यामागे मुद्दाम स्टीलचं ताट टाकलं. मांजर तशीच झोपून राहिली. सोनूने दचकून भोकाड पसरलं.

"पोरीला काय घाबरवतेस गो?" सासूबाई कडाडल्या.

सोनूची बट घामाने कपाळाला चिकटली होती. ती मागे सारली, ताट उचललं आणि पुन्हा आपटलं.