सलवाचा पार्किंग लॉट आणि सोयाबीनचं तेल

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून संतापणं बंद. बीपीची गोळी घेऊन लिहितोय. मॅनेजर हरीश म्हणाले, जुन्या डांबरावर सोयाबीन तेलाचं सीलंट मारून दाखवा. जमलं तर नव्या विभागाला सुपरवायझर नेमू. नेमणार कुणाला? मलाच. अठरा वर्षं इथे डांबर हुंगतोय.

४ नोव्हेंबर, मंगळवार
कुवेतच्या सलवा भागातला लॉट बघितला. उन्हाने डांबर पार सुकलंय. तेल मारायचं, दिवसभर मुरू द्यायचं, बस. फोरमन हारूनभाई म्हणतात, आधी कोपऱ्यात चटईएवढ्या तुकड्यावर मारून बघू. मी काय आमटीचं मीठ चाखतोय? चिडलो नाही. फक्त फाइल आपटली.

५ नोव्हेंबर, बुधवार
शुक्रवार ठरवला. सुट्टी, लॉट रिकामा. गेल्या शुक्रवारी सकाळी सातला तिथून जाताना स्वतः पाहिलंय: एक गाडी, एक मांजर. हारूनभाई म्हणे, साहेब, शुक्रवार नको, जुम्मा आहे, शनवार घ्या. कळला कावा! म्हटलं, नमाजाला खुशाल जा, तासभर सुट्टी. इतका मी उदार, तरी माणूस कपाळाला हात लावून बसला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी ८.४०
फवारणी पूर्ण. काळंकुळकुळीत! बायकोला, उल्काला, फोटो पाठवला. कौतुक राहिलं बाजूला, विचारते, मागे मशीद आहे का? हिला नेमकं भलतंच दिसतं.

११.१५
गाड्या!! पन्नास, साठ. ट्रॅफिक कोन बाजूला ठेवून सरळ आत. मी हात पसरून ओरडतोय, ओलं आहे, ओलं आहे. मराठीत. एका म्हाताऱ्या कुवेतीने हसून सलाम केला आणि माझ्या पायाशीच गाडी लावली.

१२.३०
मशिदीच्या पायऱ्यांपर्यंत तेलकट पावलं. चपला बाहेर काढतात म्हणून गालिचे वाचले. हारूनभाई मुकाट्याने वाळू टाकत होते. त्याचाच जास्त राग आला.

९ नोव्हेंबर, रविवार
रिपोर्ट लिहिला. दोष: वाहतूक. हरीशना लॉट दाखवला. सगळीकडे टायरचे पट्टे, पण कोपऱ्यात एक तुकडा झकास! म्हटलं, हे बघा सर, माझं काम. त्यांनी वाकून कडेची चिठ्ठी वाचली: बुधवार, ५ तारीख, हारून. चटईएवढाच होता.

११ नोव्हेंबर, मंगळवार
सीलंट मंजूर. सुपरवायझर हारूनभाई. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी भांडायच्या तयारीने गेलो, वाक्यं पाठ करून. त्यांनी खुर्ची पुढे केली, चहा मागवला. म्हणाले, साहेब, पुढच्या लॉटला वार कुठला धरू?

अजून साहेब म्हणतात. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी म्हणालो, शनिवार.