माझ्या मरणाची रजा

हा-तेबोहो, डोंगरावरून
१९ मे

मी मेले आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही, ही कुठली रीत? काल न्टाटे सेखोबेची बस वर आली. उतरला तो टोपी काढून, तोंड पाडून. काखेत कोरी घोंगडी, एका हातात मेणबत्त्यांचा पुडा, दुसऱ्यात साखर. मी कोबीतून शेळी हाकत होते. मला बघून त्याची टोपी हातातून पडली. कोण गेलं म्हणून मी विचारलं, तर म्हणतो, तूच. तुझ्या कारखान्यातल्या बायकांनी वर्गणी काढून हे सामान माझ्या मातीला पाठवलं होतं म्हणे. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो तेवढ्यात शेळीनं आणखी एक गड्डा खाल्ला. तो तुझ्या नावावर.

चि. केनेवे हिला आजीचा आशीर्वाद. तुला शांती, डोंगराला पाऊस. इकडे सर्व क्षेम आहे, मी मेले एवढंच.

आता सांग, मला कशासाठी मारलंस? तुझा बाप पोलोको खाणीतून सुट्टी मिळवायला कुणाकुणाला मारायचा. पण तो आधी विचारायचा तरी. त्याच्या एका काकाला त्यानं इतक्या वेळा मारलं की तो खरा गेला तेव्हा खाणीत कुणी मानलंच नाही. तू कुणा पुरुषाच्या मागे गेली असशील तर तसं लिही, मी तुझ्या वयाची होते तेव्हा माझेही पाय होते. पण साखर-मेणबत्त्या पोचेपर्यंत मला कळू नये, हा मात्र अपमान आहे.

घोंगडी ठेवून घेतली आहे. लोकर चांगली आहे.

लोभ आहे. तो वाढवायचा की नाही ते तुझ्या उत्तरावर.

तुझी आजी,
कै. मापोलोको


मासेरू
२७ मे

ती. न्खोनो आजी हिस केनेवेचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. शिलाईच्या मशीनखाली वाकून हसले, आणि मग वर बघवेना.

आता लपवत नाही. माझ्या डाव्या छातीत गाठ होती. ती कॅन्सरची निघाली. औषध आपल्याकडे नाही, म्हणून महिन्यातून एकदा सरहद्दीपलीकडे ब्लूमफोंटेनच्या इस्पितळात नेतात. शिरेतून औषध सोडतात आणि परत आणतात. येताना गाडीत प्रत्येकाच्या मांडीवर एकेक प्लास्टिकची पिशवी असते. कुणी कुणाकडे बघत नाही. पुढचे काही दिवस उशीवरून डोकं उचलत नाही.

आजारपणाची रजा लवकरच संपली. आमच्या रांगेत मागे एका बाईचं दुखणं मोठं आहे असं कळलं होतं, तिचा करार पुढे वाढवला नाही. म्हणून मी कुणाला काही बोलले नाही. मग केस जायला लागले. राहिलेले मीच वस्तऱ्यानं काढले आणि थंडी वाजते म्हणून काळा रुमाल बांधून कामावर गेले. म्मे मालेराटो, आमची सुपरवायझर, खाडे का झाले म्हणून झापायला आली. रुमालाखालचं मुंडण दिसलं आणि तिचा आवाजच उतरला. घरातलं कोण गेलं, तिनं विचारलं. मी रुमाल कपाळावर ओढला. आजी का, हेही तिनंच विचारलं. मी मान हलवली. न्खोनो, मी डोकं भादरावं असं दुसरं कोण आहे मला?

तिनं मला जवळ घेतलं. कितीतरी दिवसांनी माणसाचा हात अंगाला लागला, ज्यात सुई नव्हती. मला खरं सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर तो हात निघाला असता.

मयताची रजा मिळाली, तीत या महिन्याची खेप झाली. बायकांनी माझ्या बाहीला काळं कापड टाचलं आहे. तू रागावली असशील. इकडे येऊ नकोस, खोली लहान आहे. मी बरी आहे.

तुझी माया पूर्वीसारखी ठेव.

तुझी,
केनेवे


हा-तेबोहो
२ जून

चि. केनेवे हिला आशीर्वाद, शांती वगैरे.

तो रोगाचा शब्द मी अक्षराला अक्षर जोडून एकदा वाचला. दुसऱ्यांदा वाचला नाही.

तू मूर्ख आहेस. एकुलती एक आजी, आणि ती पहिल्याच अडचणीत खर्च करून बसलीस. पुढच्या खेपेला कुणाला मारणार, कोंबड्याला? बाप तुझा खाणीनं खाल्ला, आई त्याच्या मागोमाग गेली. आपल्या घरात मारण्याजोगं माणूसच उरलेलं नाही.

दुसरं. दुखवट्याचं काळं एक ना एक दिवस उतरवावं लागतं. उतरवलं की केस वाढतात. सगळ्यांचे वाढतात. तुझे वाढले नाहीत तर त्या बायका काय म्हणतील, याचा विचार केलास का? नसशीलच. तू लहानपणीही भिंतीवर चढायचीस आणि मग उतरायचं कसं म्हणून रडायचीस.

न्टाटे सेखोबेबरोबर मोटोहोचा डबा पाठवते आहे. ज्वारी मीच दळली, मीच आंबवली. पातळ करून घोट घोट घे, आंबट असतं म्हणून पोटात टिकतं. डबा परत पाठव, झाकणासकट. मागच्या वेळी झाकण आलं नव्हतं.

इकडे माझ्या मरणाची बरीच करमणूक झाली. शेजारची मात्सेपे रोज दारात येऊन विचारते, मेलेल्यांना तपकीर चालते का. मी म्हणते, आण तर खरी. ती गेली की घर गप्प होतं. संध्याकाळी मी ताटं दोन काढते. सवय आहे, त्यात अर्थ शोधू नकोस. दुसऱ्यातलं कोंबड्या खातात.

येऊ नकोस, खोली लहान आहे, असं लिहितेस. मेलेल्या बाईला जागा किती लागते?

लोभ जरा वाढला आहे. फुगू नकोस.

तुझी आजी,
मापोलोको


मासेरू
९ जून

ती. न्खोनो हिस सा. न. वि. वि.

डबा मिळाला. झाकणासकट परत पाठवते आहे. मोटोहो पोटात राहिलं. दुसरं काही राहत नाही.

तू म्हणालीस तसंच झालं. रांगेतल्या बायकांनी ठरवलं आहे की या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी माझ्या खोलीवर येऊन माझं काळं उतरवायचं. मटण त्याच आणणार आहेत. रुमाल सोडून डोकं धुवायला घरातली वडील बाई लागते. मला कुणी नाही म्हणून म्मे मालेराटो ते करणार आहे. ती हात ठेवील आणि तिला कळेल. भादरलेलं डोकं हाताला खरखरीत लागतं. माझं अंड्यासारखं आहे. आता भुवयाही गेल्या. त्या मी पेन्सिलीनं काढते, पण दुपारपर्यंत घामानं एक कुठेतरी जाते.

त्याच आठवड्यात पुढची खेप आहे आणि अमेरिकेची मोठी ऑर्डरही. कुणालाच सुट्टी नाही. म्हणून मी ठरवलं आहे, या खेपेला जाणार नाही. गाठ लहान झाली आहे, असं डॉक्टरीणबाईच म्हणाल्या. अजून औषध थांबवायचं नाही असंही म्हणाल्या, पण त्यांना असं म्हणावंच लागतं. शनिवारी आजारी म्हणून दार लावून घेईन. पुढचं पुढे बघू. नोकरी राहिली तर बाकीचं होईल.

रविवारी दिवसभर कुणाशी बोलणं झालं नाही. सोमवारी रांगेत कुणी हाक मारली तेव्हा कळलं, माझा आवाज बसला आहे. कधी बसला कोण जाणे.

काळजी करू नकोस. मी बरी आहे. आठवण ठेव.

तुझी,
केनेवे


हा-तेबोहो
१३ जून

म्मे मालेराटो यांना,

तुम्हाला शांती, तुमच्या घराला पाऊस. हे बसून वाचा. मी केनेवेची आजी, जी मेली.

तुम्ही सगळ्यांनी पाठवलेली घोंगडी पोचली. तीच पांघरून लिहिते आहे. मेणबत्त्याही चांगल्या जळतात. साखर संपली. आभार मानते. फार थोड्या बायकांना आपल्या मयताचं सामान आपल्या हातानं वापरायला मिळतं.

पोरीला खोटारडी म्हणू नका. तुम्ही विचारलंत, तिनं मान हलवली. दुखवटा खराच होता, कुणाचा ते मात्र तुम्ही चुकलात. ती स्वतःचाच धरून बसली आहे, एकटी, दार लावून. तिच्या छातीत कॅन्सर आहे. केस औषधानं गेले. आता तुमची ऑर्डर आहे म्हणून ती औषधाची पुढची खेप चुकवणार आहे. म्हणजे अमेरिकेतल्या कुणाच्या ढुंगणाला वेळेवर पँट मिळेल आणि मला इथे वर पोरीची पेटी येईल.

म्मे, तुमच्याकडे मेलेल्या म्हातारीसाठी रजा आहे आणि जगणाऱ्या पोरीसाठी नाही. ते तुमच्या मालकांचं, त्यात मला कळत नाही. मी तीनच इयत्ता शिकले. पण माझ्या खोट्या मरणाची रजा वापरून झाली असली तरी खऱ्या मरणाची अजून शिल्लक आहे ना? ती आगाऊ द्या. तिला खेपेला जाऊ द्या आणि आल्यावर तिची मशीन तिथेच असू द्या. मी लिहून देते, मी खरी मरेन तेव्हा ती एक दिवसही मागणार नाही. मी रविवारी मरायचं बघेन.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी येते. सेखोबेच्या बसनं, गुडघे काय म्हणायचं ते म्हणोत. काळं उतरवायला घरातली वडील बाई लागते, ती मी आहे. माझा दुखवटा मीच उतरवीन. रुमाल मी सोडेन. तुम्ही शेजारी उभ्या राहा. मी मेले समजून तुम्ही तिला एकदा जवळ घेतलं होतंत, ते तिनं मला लिहिलं आहे. तसं कुणी तिला बरेच दिवसांत घेतलेलं नाही, आणि माझा हात डोंगरावरून पुरत नाही.

केनेवेला या पत्राचं माहीत नाही. चिडेल. चिडू दे, त्याला जिवंत माणूस लागतं.

आपली ओळख नाही, म्हणून लोभ मागत नाही. रजा मागते.

तुमची,
मापोलोको

ता. क. उत्तर तुम्ही लिहायचं, केनेवेनं नाही. ती ‘मी बरी आहे’ असं लिहिते. सेखोबे फाटकाबाहेर बस उभी करून थांबेल. त्याला बजावलं आहे, तुमच्या हातचं उत्तर घेतल्याशिवाय वर यायचं नाही.