जप्तीचा घोडा

१७ एप्रिल २०२५, गुरुवार. सकाळी ११.२०

दुकानात हरभरा डाळ तोलत होतो. कोर्टाचा बेलिफ आला — सोबत माणिकरावांचा वरातीचा पांढरा घोडा. "जप्तीचा माल हाय. तुमचं अंगण मोठं. सही करा, सांभाळा." दोनदा वाचून सही केली. तो गेल्यावर तिसऱ्यांदा वाचलं. घोडा हरवला तर जबाबदार मी!

भांडण वरातीला घोडा भाड्यानं देणाऱ्या माणिकरावांचं आणि गावातल्या भगवानरावांचं. भगवानरावांच्या थोरल्याच्या लग्नाला माणिकरावांनी इसार घेतला, घोडा आणलाच नाही. इसारही परत केला नाही. भगवानराव कोर्टात गेले, जिंकले; तरी पैसे मिळेनात, म्हणून जप्ती.

१९ एप्रिल

झोप नाही. शेजारचे चन्नप्पा आजोबा लहानपणी दोन वर्षं उर्दू शाळेत होते. त्यांना विचारलं, जप्ती म्हणजे नेमकं काय?

"मूळ अरबी, जब्त. घट्ट धरून ठेवणं. आमी कुर्की म्हणायचो, ते तुर्की."

मग घोडा आता कुणाचा?

"माणिकरावचाच की. लिलाव होईस्तोवर नुसता धरलेला. तू खुंटा हायस, बाबा."

खुंटा म्हटल्यावर बरं वाटलं.

२१ एप्रिल

रस्त्यानं बँड गेला. घोडा नाचला — आईच्या कुरडयांवर. आई म्हणाली, "तू त्याला सांभाळायलास का त्यो तुला?"

२४ एप्रिल

भगवानराव आले. अक्षय तृतीयेला धाकट्या जीवनची वरात. गंगाखेडपर्यंत एक घोडा मोकळा नाही.

"रुद्रेश, एक सांज दे. आता माझाच तर हाय."

"न्हाई काका. नुसता धरलाय. तुमचा झाला न्हाई." तोंडातून निघून गेलं.

"लय कायदा शिकलास की. आठवी नापास ना तू?"

"नववी, काका."

२८ एप्रिल

भगवानराव स्वतः पेढे घेऊन माणिकरावांकडे गेले! ठरलं — वरातीला घोडा फुकट, इसाराचं भांडण मिटलं. कोर्टात तडजोडीचा कागद दिला, जप्ती उठली. बेलिफासमोर घोडा माणिकरावांच्या हाती दिला, पोच लिहून घेतली. आज झोपेन.

३० एप्रिल, बुधवार. सायंकाळी ७.१०

वरात मारुतीपाशी अडलीय. बँड गप्प. घोडा दावं तोडून पळाला. माणिकराव गावभर शोधायलेत, भगवानराव त्यांच्या मागं शिव्या देत.

घोडा आमच्या अंगणात कडबा खातोय. मी आणला नाही, आपणहून आला. पण या वेळी कागद नाही, सही नाही. गल्लीत माणसं ओरडत येतायत — आणि माझ्या एका हातात पेन, एका हातात दावं.